काडीमोडाची मूठ

११ जानेवारी
घरून

छोट्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी कामाचं. बातमी पक्की झाली. आमच्या गोदीला दोन टगबोटी आणि त्यांनी ओढायच्या दोन बार्ज बांधायचं काम मिळालंय, आणि पहिली टग तुझ्याच ताब्यात येणार आहे. आरेखन माझ्याकडे आलं. साहेबांनी फाइल टेबलावर आदळली आणि म्हणाले, "बाई, निवृत्तीआधी एवढं हातावेगळं करा." एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नकाशांवर शाई फिरवली. आता जायच्या वर्षी स्वतःचं म्हणावं असं काही मिळालं, तेही हातावेगळं करायला.

मोठ्या गोष्टी ठरल्यात. लांबी अडतीस मीटर, दोन इंजिनं, मागचा डेक पाण्याच्या जेमतेम हातभर वर, विंचच्या रहाटावर गुंडाळलेली नऊशे मीटर तार. बार्ज म्हणजे लांबलचक लोखंडी डबा. तिच्यावर ना इंजिन ना माणूस, पण ओढताना ती सापासारखी वळवळू नये म्हणून तिच्या बुडाला मागे दोन उभे पंख दिलेत. हे सगळं पुस्तकातून काढता येतं. पुस्तकात नसतं ते तू सांग. व्हीलहाउसमध्ये, सुकाणूच्या खोलीत, तू कुठे उभा राहतोस, हात कुठे जातो, काय टोचतं? कॅप्टनच्या भाषेत नको. घरी पानावर बसून कुरकुरतोस तसं लिही.

आईचं ठीक चाललंय. रोज संध्याकाळी विचारते, "तो कुठल्या बोटीवर आहे?" मी सांगते. मग म्हणते, "ती बुडाली ना?" कुठली बुडाली ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही.

मी दमलेय रे. चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला, आणि दुपारी तीननंतर रेषा दोन-दोन दिसतात. पण हे काम मला हवं होतं. आशीर्वाद.

ताई

---

२ फेब्रुवारी
बोटीवरून

ताई,

नमस्कार, लांबूनच. वाकून केला असता तर पुन्हा सरळ व्हायला दोन माणसं लागली असती.

कुरकुर मागितलीस, घे आता. टगचं सगळं काम पाठीमागे असतं. बार्ज आठशे मीटर मागे, आणि ती काय करतेय हे बघायला मागच्या खिडकीशी उभं राहायचं. तिथे दुसरं सुकाणू आहे, इंजिनांच्या मुठी आहेत, पण बसायला काही नाही. सहा-सहा तास उभा असतो. माझे गुडघे आईच्या गुडघ्यांपेक्षा म्हातारे झालेत. खुर्ची दे, बाकी काही मागत नाही.

नाही, अजून एक मागतो. विंचचा ब्रेक एकदम सोडणारी एक लाल मूठ असते. तिला आम्ही सगळे काडीमोड म्हणतो. बार्ज बाजूला गेली आणि तार आडवी ताणली गेली, तर ती टगला कुशीवर ओढते. मग उलटायच्या आत मोजून दहा सेकंद मिळतात. मूठ दाबली की तार सुटते, बार्ज तिच्या वाटेने आणि आपण आपल्या. या जुन्या बोटीवर ती मूठ भिंतीवर उंच आहे, काचेच्या झाकणात, आणि झाकणाचा स्क्रू गंजलाय. गेल्या वर्षी बोट कललेली असताना मला तिथवर दोन पावलं टाकायला लागली आणि झाकण उघडेना. शेवटी पायातला बूट काढून काच फोडली. तेव्हा खुर्ची देशील तर अशी दे की उठायला लागू नये, आणि ते झाकण समुद्रात टाक.

आमचे सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके, ज्यांना सगळी बोट मामा म्हणते, ते सांगतात की ताईंना म्हणावं स्वयंपाकघरही जरा मोठं काढा. तू त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

छोट्या

---

२० मार्च
ऑफिसातून

छोट्या,

खुर्ची मंजूर. साहेब म्हणाले, "बसला की माणूस पेंगतो." मी म्हणाले, "तुम्ही तर सकाळपासून बसलेलेच आहात." ते हसले नाहीत, पण सही केली.

काडीमोडाची मूठ भिंतीवरून काढून खुर्चीच्या उजव्या हातासमोर आणली. झाकण नाही, स्क्रू नाही, वरून दाबलं की काम झालं. माप कसं घेतलं ते ऐक. रविवारी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले, कोपर टेकवलं, आणि पंजा सहज जिथे पडला तिथे आईला टेप धरायला लावला. आईला वाटलं मी ब्लाउज शिवायला टाकतेय. म्हणाली, "बाही जरा लांब ठेव, तुझे दंड सुटलेत." ऑफिसात माप काढायला माणूस मागितला असता तर आठ दिवस नुसत्या बैठका झाल्या असत्या. आमच्या खात्यात सगळे असंच करतात. गोदीतल्या निम्म्या शिड्या साहेबांच्या ढांगेने काढलेल्या आहेत, म्हणून तर सगळे धापा टाकत चढतात.

बार्जचंही झालं. पुढच्या दोन कोपऱ्यांवरून दोन जाड साखळ्या निघतात, तिकोनी पोलादी पाटीवर एकत्र येतात, तिथून तुझी तार. आणि तार कधी गेलीच, तर बार्जच्या मागे एक लांब दोर टोकाला तरंगता गोळा लावून सोडलाय. तो पकडायचा आणि तिला परत जोडायची.

नकाशावर खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही आहे, पहिल्यांदाच. बराच वेळ बघत बसले होते. कुणाला सांगू नकोस.

ताई

---

१४ सप्टेंबर
बोटीवरून

ताई,

पत्राला उशीर झाला, कान पकडतो. नव्या बोटीच्या पहिल्या दोन फेऱ्या पार पडल्या. बोट गुणी आहे. लाट अंगावर घेते पण त्रागा करत नाही, आणि बार्जही त्या पंखांमुळे सरळ मागून येते. खुर्चीबद्दल काय सांगू? मामा म्हणतात, कॅप्टनला सिंहासन मिळालं, आता चवरी ढाळायला माणूस ठेवा.

ऑगस्टात एकदा हवा फार बिघडली. तार सुटली आणि बार्ज मागे राहिली. तू ठेवलेला तो दोर पकडून दीड दिवसात परत जोडली. त्यात मामांच्या डाव्या हाताला थोडं लागलं. समुद्र म्हटला की एवढं चालायचंच.

माझा मेट पुढच्या महिन्यात उतरतोय. दुसऱ्या टगचा कॅप्टन म्हणून त्याची नेमणूक झाली. चार वर्षं माझ्या हाताखाली होता. दिवसाला चार शब्द बोलतो म्हणून सगळे त्याला मुका म्हणतात. कधी काही विचारत नाही, मी करतो ते बघतो आणि तसंच करतो. चांगला पोरगा आहे, म्हणजे चाळिशीचा आहे, पण माझ्यापुढे पोरगाच.

बाकी थकलोय. बसायला मिळालं तरी थकलोय, म्हणजे दोष गुडघ्यांचा नसावा. आईला सांग, बोट बुडाली नाही.

छोट्या

---

६ ऑक्टोबर
घरून

छोट्या,

तुझं पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा माझं मीच वाचलं. "बोट गुणी आहे" एवढ्या ओळीवर माझं वर्ष निघेल.

तार हवेमुळेच सुटली ना? विंचचा ब्रेक मी स्वतः उभी राहून तपासून घेतला होता, म्हणून विचारते. मामांच्या हाताचं नीट कळव.

दुसरी टग तयार होत आली. तिचा ताबा वीस डिसेंबरला द्यायचाय आणि एकतीसला मी घरी. नकाशा तोच वापरलाय. सोबत एक फॉर्म आहे, त्यात प्रश्न एकच: रचनेत काही बदल हवा आहे काय? पहिल्या टगच्या कॅप्टनची सही आल्याशिवाय दुसरी बाहेर पडत नाही. असेल तर लिही, बहीण म्हणून भीड धरू नकोस. पण खरं सांगू का, नसावा असं वाटतं. माझ्याकडून गेलेला एक तरी कागद लाल पेन्सिलीशिवाय परत यावा.

आई हल्ली मला तुझ्या नावाने हाक मारते. मीही ओ देते.

ताई

---

१ नोव्हेंबर
बोटीवरून

ताई,

फॉर्म सोबत आहे. "बदल नको" लिहून सही केलीय.

मामा बरे आहेत. हवा ठीक आहे. लिहिण्यासारखं फार काही नाही.

छोट्या

---

१९ नोव्हेंबर
घरून

छोट्या,

आमचा विंच फिटर मागच्या आठवड्यात तुझ्या बोटीवर तपासणीला येऊन गेला. आज सकाळी माझ्या टेबलाशी आला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, कॅप्टनसाहेबांनी लाल मूठ दोरीने आवळून बांधलीय. गाठ अशी की सुरीशिवाय सुटायची नाही. मी विचारलं तर म्हणाले, तुझं काम कर."

मी दुपारी त्याला घेऊन दुसऱ्या टगवर गेले. तो तुझ्याएवढाच उंच आहे. त्याला थंडीचा जाड कोट घालून खुर्चीवर बसवलं. खुर्चीचं तोंड बोटीच्या मागच्या बाजूला, त्यामुळे पुढे काय आहे ते बघायला डावीकडून वळावं लागतं. त्याला म्हटलं, वळ. तो वळला, त्याचं उजवं कोपर पुढे आलं आणि मुठीवर पडलं. पुन्हा वळ म्हटलं, पुन्हा पडलं. दहा वेळा वळायला लावलं, सात वेळा पडलं. मी स्वयंपाकघरात बसून माप घेतलं तेव्हा माझ्या मागे ओटा होता. वळून काय बघणार होते?

तेव्हा ऑगस्टात हवा बिघडली वगैरे बाता आईला सांग. तार तुझ्या कोपराने सोडली, आणि मला कळू नये म्हणून तू मूठ बांधलीस. निवृत्तीला आलेल्या बहिणीचा नकाशा तेवढा स्वच्छ राहिला. अरे, त्या बोटीवर तुझ्यासकट आठ माणसं आहेत. तार आडवी आली तर दहा सेकंदांत तू गाठ सोडणार का? कुठून आणलीस ही अक्कल? मला राग आलाय, आणि रागापेक्षा रडू जास्त येतंय.

पत्र हातात पडताच दोरी काप. तुझा "बदल नको"चा फॉर्म माझ्या खणात आहे, मी तो पुढे पाठवलेला नाही. नवा लिहून पाठव, आणि या वेळी जे झालं ते लिही.

ताई

---

२८ नोव्हेंबर
बंदरातून

ताई,

तुझं पत्र काल कंपनीच्या इथल्या एजंटने हातात दिलं. दोरी त्याआधीच, चोवीस तारखेला सकाळी कापली. मी नाही कापली, मामांनी.

आधी ऑगस्टचं सांगतो. तू म्हणतेस तसंच झालं. एक मालवाहू जहाज पुढून येत होतं म्हणून वळलो, आणि मागून विंचचा आवाज आला. नऊशे मीटर तार तिच्या टोकासकट गेली. बार्ज मोकळी झाली आणि पलीकडे मासेमारीच्या बोटी होत्या. तो तरंगता दोर ओढताना मामांची दोन बोटं दोर आणि खुंट यांच्यामध्ये गेली. ती तुटून तिथेच राहिली. तुला "थोडं लागलं" लिहिलं होतं. कंपनीला कळवलं की हवेमुळे तार सुटली. मामांनी हाताला पट्टी बांधली आणि म्हणाले, "ताईंचं नाव यात नको." त्यांनी असं म्हणायला नको होतं आणि मी ऐकायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दोरी बांधली. मुका शेजारीच उभा होता, त्याने गाठ पक्की करायला बोट धरलं. सगळ्यांना हायसं वाटलं. नंतर तुझा फॉर्म आला, सोबतच्या पत्रातली लाल पेन्सिलीची ओळ वाचली, आणि मी सही केली. तुझ्यावर ढकलत नाही. फक्त कसं झालं ते सांगतो.

आता चोवीस तारीख. बंदराच्या तोंडाशी तार आखूड केली होती. आडव्या प्रवाहाने बार्जला बाजूला नेलं. मी इंजिन वळवेपर्यंत तार कुशीवर आली आणि बोट कलली. कपाटातलं सगळं खाली आलं, मागच्या डेकवर पाणी चढलं, दाराच्या उंबऱ्यापर्यंत. मी मूठ दाबत होतो. दोरीसकट दाबत होतो. ती हलत नव्हती, कारण मीच ती हलू नये अशी बांधली होती. नखांनी गाठ ओढत राहिलो. मामा भिंतीवरची कुऱ्हाड घेऊन आले आणि उजव्या हाताने घाव घातला. अर्धा घाव पॅनेलवर बसला, अर्धा दोरीवर. तार सुटली, बोट सरळ झाली. बार्ज जाऊन वाळूत बसली, तिला काही झालं नाही. खाली इंजिनाच्या खोलीत तिघं होते, बोट उलटली असती तर त्यांना वर यायला जिना मिळाला नसता.

त्यानंतर तीन दिवस मी तुला लिहायला बसत होतो, आणि रोज "हवा ठीक आहे" एवढंच लिहून होत होतं. तुझं पत्र आलं नसतं तर बहुतेक तेच पाठवलं असतं. इतका कंटाळा आलाय मला माझा.

नवा फॉर्म सोबत आहे. ऑगस्टचं, मामांच्या बोटांचं, दोरीचं, चोवीस तारखेचं, सगळं लिहिलंय. एक प्रत कंपनीला दिली. ते मला बोटीवर ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये.

छोट्या

---

१७ डिसेंबर
घरून

छोट्या,

तुझा फॉर्म मी त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचून दुसऱ्या टगचा ताबा पुढे ढकलला, तुझ्या बोटीवरही माणसं पाठवली. नकाशा बदलायच्या वहीत "कारण" असा रकाना असतो. साहेब म्हणाले, "'सुधारणा' लिहा, बाई. जाता जाता कशाला?" मी लिहिलं, "मूळ आरेखनात चूक," आणि खाली सही केली. साहेबांनी वही मिटली. निरोपसमारंभाचं आता कुणी बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

मूठ आता डावीकडे, जरा वर आहे. एका बोटाने वर उचलता येईल असं साधं झाकण आहे. या वेळी सहा उंच माणसं कोट घालून बसवली आणि प्रत्येकाला वीस-वीस वेळा वळायला लावलं. सगळ्यांच्या माना धरल्यात.

माझंही एक सांगायचं राहिलंय. एकोणीस तारखेला मला सगळं कळलं होतं. गोदीच्या वायरलेसवरून "दोरी काप" एवढे दोन शब्द पाठवले असते तर तासाभरात तुझ्याकडे पोचले असते. पण वायरलेसचा प्रत्येक निरोप आधी साहेबांच्या टेबलावरून जातो. म्हणून मी पाकिटात घालून, तिकीट लावून पोस्टात टाकलं. तुला एवढं फाडफाड बोलले, आणि माझं नाव झाकायला मीही पाच दिवस तुला त्या गाठीवर सोडलं. इंजिनातल्या तिघांचा विचार माझ्या मनात आला होता. तरी पोस्टातच टाकलं. मामांना लिहायला चार वेळा बसले, चारही कागद फाडले. तू लपवलंस म्हणून मला आता काही म्हणायचं नाही.

काल मुका नवी मूठ बघायला आला. खुर्चीवर बसला, डावीकडून वळला, उजवीकडून वळला. मग कोटाच्या खिशातून दोरीची गुंडाळी काढून माझ्या हातात दिली. मोजून कापलेली, दोन्ही टोकं नीट गुंफलेली. "मग ही नको आता," म्हणाला. मी विचारलं, ही कशाला आणली होतीस? तर म्हणाला, "कॅप्टनसाहेब बांधायचे. मला वाटलं, ती बांधायचीच असते." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "ताई, आमच्या बोटीवर बंदरात वाट दाखवणारे पायलट यायचे, दुसऱ्या टगवाले चहाला यायचे. त्यांच्याही मुठी मधूनच दाबल्या जातात. दोघांनी माझ्याकडून गाठ शिकून घेतली." चार वर्षांत तो एकदम एवढं बोलला नसेल.

तू शुक्रवारी येतोयस असं कंपनीने कळवलं. आईला सांगितलंय. किती दिवसांसाठी, ते तिने विचारलं नाही. ये, जेव, झोप काढ. पण येताना बोटीवर ऑगस्टपासून कोण कोण येऊन गेलं ती नावं लिहून आण, कुठल्या टगवर असतात त्यासकट. आठवत नसतील ती मामांना विचार. वायरलेस खोलीतल्या माणसाशी मी आजच बोललेय. शनिवारी सकाळी आपण दोघं तिथे जाऊन बसायचं, एकेका टगला ते दोन शब्द कळवायचे, आणि यादी संपेपर्यंत उठायचं नाही.

ताई